पिलाच्या गळ्यातली दोरी



कापसाची वेचणी सुरू झाली की शिंदखेडा तालुक्यातल्या वाटा सकाळपासूनच भरून जातात. वेचणीला निघालेल्या बाया, बैलगाड्या, मोटारसायकली, ठेलारी बांधवांच्या मेंढ्या. आणि याच वाटेवर आपले राखणीसाठी आणलेले सात-आठ महिन्यांचे कुत्रे मोकळे हुंदडत असते. ते वाईट नसते, अंगात रग असते एवढेच.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमचा मोत्या नऊ महिन्यांचा होईपर्यंत त्याला दोरी ठाऊक नव्हती. मी एकदम साखळी घातली आणि भर बाजारात नेले. करडू दिसताच त्याने असा हिसका दिला की साखळी हातातून निसटली. करडू धरून उभी असलेली म्हातारी आडवी झाली, मनगट मोडले. दवाखान्याचा खर्च मी केला. पण ऐन वेचणीत तिची मजुरी बुडाली, हे मला फार उशिरा सुचले. त्याची लाज अजून वाटते.

पुढे एका ठेलारी बाबांनी मोत्याशी चाललेली माझी ओढाताण पाहिली नि हसून म्हणाले, "सायेब, तुम्ही वढतस म्हनीसन तो वढस."

अगदी खरे. गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो का? जुन्या बैलाशेजारी धरतो, हलके लाकूड ओढायला देतो. मग पिलालाही तेवढी सवड द्या. दोन-अडीच महिन्यांचे झाले की नुसता कापडी पट्टा घाला. दोन-चार दिवस ते मान खाजवील, खाजवू द्या. नंतर चार हात सुती दोरी बांधून अंगणात फिरवा. पिलाने ओढले की जागीच थांबा. हिसका नको, मार नको. ते वळून पाहील, दोरी सैल पडेल. त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्या आणि पुढे चाला. रोज दहा मिनिटे पुरेत. अंगणानंतर गल्ली, मग रस्ता; बाजार सर्वांत शेवटी. शेळी दिसली तर पिलाची नजर तिच्यावर खिळण्याआधीच त्याला दुसरीकडे वळवा.

घरात एकाने "थांब" म्हणायचे आणि धाकट्याने गंमत म्हणून "छू" करायचे, असे मात्र चालणार नाही.

पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. पिलू वाढते, पट्टा वाढत नाही, आठवड्याला तपासा. मान कापली जाऊन जखमेत आसाड्या पडलेली पिले मी पाहिली आहेत. दिवसभर साखळीला बांधूनही ठेवू नका, तसे कुत्रे पुढे चावरे होते.

तीन महिन्यांचे झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यातून रेबीजची लस टोचून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. कुणाला चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, पाळीव जनावराबाबत अशी हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मोत्याला शिकवायला मला दोन महिने लागले. आता बाजारात दोरी सैल असते; पण करडांच्या बाजूला गेलो की मी ती मुठीत दुहेरी धरतोच.