लेझर पॉइंटर खेळणं नाही, त्याच्या विक्रीवरच बंदी हवी

नवरात्रात आरमोरीचा दुर्गोत्सव पाहायला गावोगावचे लोक येतात. तिथे शे-दोनशे रुपयांत हिरवा लेझर मिळाला, तर मुलाला घेऊन द्याल? देऊ नका. आणि तो कुणाला विकताच येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, आपल्याकडे विमानतळ कुठे आहे?" नाही, पण हेलिकॉप्टर आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटला की अडलेल्या रुग्णाला तेच आणतं. चकमकीत जखमी झालेला जवान त्यातूनच नागपूरला जातो.

अंधारात आपली बाहुली मोठी होते. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. हातातला बारीक किरण किलोमीटरभर अंतरावर मीटरभर रुंद होतो. तो हेलिकॉप्टरच्या काचेवर पडला की विखुरतो आणि वैमानिकाला समोरचं दिसेनासं होतं. किरण हटल्यावरही डोळ्यांपुढे डाग राहतो. इतक्या लांबून पडदा सहसा जळत नाही, पण उतरताना काही सेकंदांचं आंधळेपणही जीवघेणं ठरू शकतं.

जवळून मात्र पडदाच भाजतो. पडद्याला वेदना कळत नाहीत, म्हणून मूल रडतही नाही. नजरेच्या मधोमध डाग येतो. तो चष्म्याने जात नाही आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही.

पाकिटावरच्या आकड्यावरही विसंबू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ पॉइंटर तपासले. त्यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के नियमात बसले नाहीत.

मुंबई-पुण्यात पोलीस विमानतळाभोवती लेझरबंदीचे आदेश काढतात, तेही ठरावीक मुदतीसाठी. आपल्याकडे हेलिकॉप्टर गावच्या मैदानातही उतरतं. तिथे बंदीची हद्द कुठे आखणार?

नुसत्या शिक्षेनेही भागत नाही. अमेरिकेत २०१२ पासून यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे. तरी २०२३ मध्ये तिथल्या वैमानिकांनी १३,३०४ घटना कळवल्या. अंधारात किरण कुणी मारला, हे शोधणार कसं? ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये १ मिलिवॉटपेक्षा जास्त शक्तीच्या पॉइंटरची विनापरवाना आयातच थांबवली. आपणही तेच करावं. शिक्षकांना फळ्यावर दाखवायला १ मिलिवॉटचा पॉइंटर पुरतो.

तोवर तुमच्या हातात एवढं आहे: घरात असा पॉइंटर असेल तर त्याचे सेल काढून ठेवा. किरण डोळ्यात जाऊन धूसर दिसलं तर डोळा चोळू नका, मनाने थेंब टाकू नका, नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या. आणि यंदाच्या दुर्गोत्सवात अशी दुकानं लागू देऊ नका, असा अर्ज नगर परिषदेला आणि पोलीस ठाण्याला आताच द्या.