गिरणीच्या धुरात जन्मलेले विद्यापीठ

१ ऑक्टोबर २००४ रोजी मँचेस्टरचे 'यूमिस्ट' हे विद्यापीठ संपले. दिवाळे वाजले नव्हते, विद्यार्थ्यांचा दुष्काळही नव्हता. शेजारच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाशी त्याचे विलीनीकरण झाले, इतकेच.

विलीनीकरण म्हटले की माझ्यातला जुना बँकवाला कान टवकारतो. या संस्थेच्या तर जन्मपत्रिकेतच एक पेढीवाला आहे. १८२४ साली व्यापारी, कारखानदार आणि यंत्रकारांनी कारागिरांसाठी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' काढली. तिचे पहिले अध्यक्ष बेंजामिन हेवूड हे बँकर. अणुसिद्धांताचे जॉन डाल्टनही संस्थापकांत होते. कामगाराला यंत्रामागचे विज्ञान कळावे, हा हेतू चांगलाच. पण कारभारात त्याला मत नव्हते. शब्द चाले तो वर्गणीदार धनिकांचा! १८२९ मध्ये नाराज सभासदांनी रोलंड डेट्रोझियर यांच्या पुढाकाराने वेगळी चूल मांडली. गंमत म्हणजे, १८६८ साली ब्रिटिश कामगार संघटनांचे पहिले अधिवेशन भरले ते याच संस्थेच्या वास्तूत.

१८९२ मध्ये संस्था शहराच्या ताब्यात गेली. पुढे नोबेल मिळवणारे जॉन कॉक्रॉफ्ट इथेच विद्युत अभियांत्रिकी शिकले. १९९४ साली पूर्ण स्वायत्तता मिळाली आणि दहाच वर्षांत संस्था मोठ्या घरात नांदायला गेली.

मोठ्या घराचे वाईट झाले, असे कोणी म्हणणार नाही. ग्राफीनवरचे २०१० चे नोबेल तिथेच गेले. पण यूमिस्टमध्ये कापडाचा स्वतःचा विभाग होता. तो 'मटेरिअल्स' नावाच्या ऐसपैस छत्राखाली सरकला. बँकांतही असेच होते. खाती एका रात्रीत जुळतात. पण कोणत्या विणकराला निर्धास्तपणे कर्ज द्यावे, हे शाखेतल्या माणसाला ठाऊक असते, खातेवहीला नाही. त्याची बदली झाली की ते ज्ञानही जाते.

हे आज आठवायचे कारण आपले २०२० चे शैक्षणिक धोरण. एकाच विद्याशाखेच्या संस्था हळूहळू संपवून सर्वांना बहुविद्याशाखीय करावे, असे ते सांगते. भाषा आणि इतिहास अभियंत्यालाही कळावा, हे कादंबरीकार म्हणून मला मान्यच आहे. परंतु माटुंग्याचे उदाहरण उलटे आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली 'यूडीसीटी' २००८ मध्ये वेगळी होऊन अभिमत विद्यापीठ झाली. रंग, औषधे, तेले यांच्या कारखान्यांशी तिचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे. अशा संस्थेत उद्या नव्या शाखा आणायच्या, तर कोणत्या आणि कोणाच्या खर्चाने, हे ठरवताना तिथल्या प्रयोगशाळेतल्या माणसांना आधी विचारले जाणार आहे काय?