हापूस वाचला, रायवळ राहिला

हापूसचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर, 2020 साली ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो उलगडला चिनी संशोधकांनी. याची खंत कोकणाला वाटावी हे साहजिक. पण चिंतेची बाब त्याहून निराळी आहे. हापूस कलमाने वाढतो. देवगडचे झाड काय नि बांद्याचे काय, जनुकांनी जवळजवळ एकच. म्हणून एक हापूस वाचला की बहुतेक सगळे हापूस वाचून होतात. रायवळाचे तसे नाही. बाठ्यातून रुजलेले प्रत्येक झाड स्वतंत्र असते, आणि परड्यातले किंवा रस्त्याकडेचे असे झाड एकदा तोडले की तसे दुसरे मिळत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात कितीतरी जुनी झाडे गेली. जीनोमवाचनाचा पुढचा पैसा कोकणात आधी रायवळावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हापूसच्या दुखण्यावरचा इलाज हापूसबाहेर असतो, हे वेंगुर्ल्याने दाखवून दिले आहे. फळ वरून देखणे आणि आत साका, म्हणजे स्पंजासारखा बिघडलेला गर, हे दुखणे बागायतदाराला नवे नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने हापूसचा दक्षिणेतल्या नीलमशी संकर करून ‘रत्ना’ काढला, तो पुन्हा हापूसशी जोडून ‘सिंधू’. दोन्ही साक्यापासून मुक्त. हे जीनोमशिवाय जमले, मग हा खर्च कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण बाठ्याच्या रोपाला फळ धरायला कित्येक वर्षे जातात. साका आहे की नाही ते तेव्हा कुठे कळते. गुण आणि जनुक यांची सांगड ठाऊक असेल, तर रोपवाटिकेतच पानावरून निवड करता येते. ती सांगड शोधायला मात्र एकमेकांपासून भिन्न अशी झाडे हवीत, आणि त्यांची फळे वर्षानुवर्षे चाखलेली माणसेही.

माहिती उघड झाली की बाहेरच्या कंपन्या तिच्यावर नफा कमावतील, ही भीतीही खोटी नाही. अशा कंपन्यांनी वाटा द्यावा म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये ‘काली निधी’ हा आंतरराष्ट्रीय निधी सुरू झाला; पण तो ऐच्छिक आहे, त्यावर विसंबता येणार नाही. ज्या झाडाची कुठे नोंदच नाही, त्यावर गावाने हक्क सांगायचा कसा? 2002 च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवहीची सोय केली आहे. झाडाची जागा, हंगाम, चव, ते दरसाल धरते का, एवढे लिहायला प्रयोगशाळा लागत नाही. बांद्यासह सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या मोहोराआधी आपल्या रायवळांची ही नोंद पुरी करावी.