शा-वन पाठवतोस का?

गेले काही महिने आमच्या टपालात एकच रडगाणं येतंय. गुगल लॉगिन एका मशीनवर चालतं, शेजारच्या टेबलावर चालत नाही. कोड तोच, ब्रँच तीच, टेस्टिंगचा फोनसुद्धा तोच. लॉगकॅटमध्ये ‘डेव्हलपर एरर’ आणि आकडा १०. मग टीमच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो, ‘अरे, तुझा शा-वन पाठवतोस का?’ आणि ज्याच्याकडे फायरबेस कन्सोलचा ॲक्सेस आहे तो नेमका क्लायंटच्या मीटिंगमध्ये असतो.

कन्सोलमध्ये नोंदवायचा हा शा-वन म्हणजे बिल्ड साइन करणाऱ्या डीबग कीचा फिंगरप्रिंट. ती की असते कुठे, हे सांगून मोकळे होऊ. होम फोल्डरमध्ये ‘डॉट-अँड्रॉइड’ नावाचा फोल्डर, त्यात ‘डीबग डॉट कीस्टोअर’ ही फाइल. अलायस ‘अँड्रॉइडडीबगकी’, दोन्ही पासवर्ड ‘अँड्रॉइड’. रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाल्यांची फाइल प्रोजेक्टातच, ॲपच्या फोल्डरखाली. पण फाइल हुडकत बसूच नका. प्रोजेक्टात टर्मिनल उघडा आणि ग्रेडलची ‘साइनिंगरिपोर्ट’ चालवा. कोणत्या व्हेरिएंटला कोणती कीस्टोअर लागली आणि तिचा शा-वन काय, हे ती एका दमात सांगते. अँड्रॉइड स्टुडिओच्या ग्रेडल पट्टीत ही टास्क दिसत नाही म्हणून तिघा-चौघांनी लिहिलंय. ४.२ आवृत्तीपासून सिंक करताना टास्कची पूर्ण यादी बनवणं मुळात बंदच ठेवलेलं असतं. टर्मिनलची सवय लावा.

आता खरं दुखणं. गुगलच्या मॅप्सची की चुकली की नकाशा करडा दिसतो, पण लॉगकॅटमध्ये ‘ऑथरायझेशन फेल्युअर’च्या खाली तुमच्या बिल्डचा फिंगरप्रिंट आणि पॅकेज नेम छापून येतं. ते उचलायचं, कन्सोलमध्ये डकवायचं, काम झालं. फेसबुक लॉगिन अडलं तर फेसबुकसुद्धा सांगतं, की हा अमुक की-हॅश आमच्याकडे नोंदलेला नाही. आणि गुगलचंच साइन-इन? १०. बस्स. नव्या क्रेडेन्शियल मॅनेजरकडे गेलात तर तोही नाही. बऱ्याचदा ‘क्रेडेन्शियल उपलब्ध नाहीत’ एवढंच ऐकवतो आणि बिचारा फ्रेशर फोनमधलं गुगल अकाउंट काढून परत टाकत बसतो. फिंगरप्रिंट जुळला नाही हे कळायला तो आधी सर्व्हरच्या हातात यावा लागतो. हातात आलेली गोष्ट मॅप्सवाले छापतात आणि त्याच कंपनीतले साइन-इनवाले गिळतात. तलाठ्याने ‘सातबारा चुकलाय’ एवढंच म्हणायचं आणि गट नंबर सांगायचा नाही, त्यातला हा प्रकार. सुरक्षेचं कारण देण्यात अर्थ नाही. फिंगरप्रिंट गुप्त नसतो, एपीके हातात असलेला कुणीही तो काढू शकतो.

गुगलला बोल लावून झाल्यावर आपल्या घरात पाहू. डीबग की सहसा प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी असते, कारण पहिल्या डीबग बिल्डच्या वेळी ती आपोआप तयार होते. दहा जणांची टीम म्हणजे दहा शा-वन. बिल्ड सर्व्हर दर वेळी कोरा उठत असेल तर रोज नवा. एकाचं बिल्ड असलेल्या फोनवर दुसऱ्याचं टाकलं की सिग्नेचर जुळत नाही म्हणून ॲप आधी काढावं लागतं आणि टेस्टरने तासभर भरलेला डेटा त्याबरोबर जातो. नोटीस पिरियड संपवून गेलेल्याचा लॅपटॉप आयटीवाले फॉरमॅट करतात, तेव्हा त्याची की गेली तरी तिचा शा-वन कन्सोलमध्ये राहतो. काही कन्सोलमधल्या याद्या पाहिल्यात आम्ही. कुठला फिंगरप्रिंट कुणाचा, हे तिथे कुणालाही सांगता येत नाही.

त्यात जुन्या जाणत्यांचा तोडगा, ‘कीस्टोअर डिलीट करून बघ.’ एके काळी डीबग सर्टिफिकेटची मुदत ३६५ दिवसांची असे, तेव्हा हा सल्ला बरोबर होता. आता मुदत ३० वर्षांची आहे. आज ती फाइल उडवली तर नवी की, नवा शा-वन आणि कालपर्यंत चालणारं लॉगिनही बंद.

एवढ्यावर उपाय किती? एक डीबग कीस्टोअर बनवा, रेपोमध्ये टाका, बिल्ड फाइलच्या साइनिंग कॉन्फिगमध्ये तिचा पत्ता द्या, तिचा एकच शा-वन कन्सोलमध्ये नोंदवा. नवा माणूस क्लोन करेल आणि पहिल्याच दिवशी लॉगिन चालेल. हे सांगितलं की टीम लीड लोक दचकतात. ‘रेपोमध्ये की? सिक्युरिटी!’ अहो, जिचा पासवर्ड सगळ्या जगाला पाठ आहे तिची कसली सिक्युरिटी? एका सरकारी खात्याचं ॲप करणाऱ्या वाचकाने कळवलंय की तिथल्या ऑडिटरने डीबग कीस्टोअरचा पासवर्ड ‘किमान बारा अक्षरी, एका विशेष चिन्हासह’ करायला लावला. त्याने तो केला आणि सगळी बिल्डं पडली, कारण गृहीत धरलेला पासवर्ड लागेना. शेरा मात्र फाइलवर ‘पूर्तता झाली’ असा आहे.

हेच लोक जिथे दचकायला हवं तिथे निवांत असतात. शा-वन सापडेना म्हणून मॅप्सच्या एपीआय कीवरचे निर्बंधच काढून टाकलेले प्रोजेक्ट आम्हाला ठाऊक आहेत. अशी उघडी की कुणी उचलली तर वापर त्याचा आणि बिल तुमचं. रिअ‍ॅक्ट नेटिव्हची टेम्प्लेटमधली कीस्टोअर तशीच ठेवणारे तर कितीतरी. ‘५ई:८एफ:१६’ने सुरू होणारा शा-वन ओळखीचा वाटतोय ना? वाटणारच, तो टेम्प्लेट वापरणाऱ्या साऱ्या जगाचा आहे. पॅकेज नेम आणि शा-वन यांची जोडी एकाच प्रोजेक्टात नोंदवता येते. तुमची जोडी दुसऱ्या कुणी आधी नोंदवली तर तुम्ही दारात उभे. तेव्हा टीमची की म्हणजे टीमने कीटूलने स्वतः बनवलेली की. रिलीजची की मात्र रेपोच्या आसपासही फिरकता कामा नये, हे वेगळं सांगायला लागू नये.

लागतं, पण. फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या दोन्हींच्या टेम्प्लेटमध्ये रिलीज बिल्डसुद्धा डीबग कीनेच साइन होतं. ‘हे बदला’ अशी कॉमेंट शेजारीच आहे, ती वाचतो कोण? प्ले स्टोअर असं बिल्ड परत पाठवतं म्हणून तिथे निभावतं. पण आपल्याकडे दूध संस्था, पतपेढ्या, क्लासेस यांची ॲपं व्हॉट्सॲपवरून एपीके फिरवून चालतात आणि तिथे अडवणारं कुणी नाही. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलेल्या योजनेप्रमाणे प्ले स्टोअरबाहेरच्या डेव्हलपरांनाही ओळख पटवून पॅकेज नेम नोंदवावी लागणार आहेत. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, २०२७ पासून बाकीचे देश. त्या नोंदणीत की आपल्या ताब्यात आहे हे सिद्ध करावं लागेल. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या टेम्प्लेटमधल्या ज्या कीची प्रत जगभरच्या लॅपटॉपांत पडलीये तिच्यावर तुम्ही एकट्याने हक्क कसा सांगणार? आणि की नुसतीच बदलली तर त्या संस्थेतल्या प्रत्येक सभासदाच्या फोनवरून जुनं ॲप काढून नवं टाकावं लागेल. आत्ता पन्नास फोन असतील, वर्षभराने पाचशे होतील.

तेव्हा या आठवड्यात आपल्या प्रत्येक प्रोजेक्टात साइनिंगरिपोर्ट चालवा आणि रिलीजच्या ओळीसमोर डीबग कीस्टोअर दिसते का ते पाहा. दिसली तर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ती काढा. मग टीमची डीबग की रेपोत टाका आणि कन्सोलमधले बेवारस शा-वन पुसा. ज्यांना १० या आकड्याने छळलंय त्यांनी गुगलच्या इश्यू ट्रॅकरवर तक्रार नोंदवावी, सोबत मॅप्सचा लॉग जोडावा आणि एवढंच मागावं की साइन-इननेही फिंगरप्रिंट छापावा. एकट्याच्या तक्रारीला तिथे विचारत नाहीत, तेव्हा आधीच नोंदवलेली तक्रार दिसली तर तिलाही आपलं मत द्या. आणि ‘डीबग की कुठे असते?’ अशी पत्रं पुढच्या अंकापासून छापली जाणार नाहीत.