पाळणा आणि पाठ्यवृत्ति

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं, ज्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात अशा एका सुविद्य गृहस्थांनीं तेथील एका नियमाची मोठी थट्टा केली. "मूल झालें कीं सरकार कॉलेजाचा खर्च देतें, उद्यां तेथील पोरी पुस्तकाऐवजीं पाळणाच मागतील!" मंडळी हंसली. आम्हांस हंसूं आलें नाहीं, कारण थट्टा करणारांनीं तो नियम नीट वाचलाहि नव्हता.

तेथील संघ-सरकारची मदत मागणारा पदवीच्या वर्गांतील विद्यार्थी २४ वर्षांच्या आंतला असेल, तर तो आईबापांवर अवलंबून आहे असें धरून त्यांचें उत्पन्न मोजलें जातें. विवाहित, सैनिक, पोरका असे कांहीं अपवाद आहेत. आपल्या मुलाचा निम्म्याहून अधिक भार जो स्वतः वाहतो, तोहि त्यांत येतो.

आतां पाळण्याचा हिशेब पाहूं. पेल नांवाच्या अनुदानाची २०२५-२६ सालची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर. तेथील कित्येक शहरांत तान्ह्या मुलाला दिवसभर सांभाळण्याचें वर्षाचें शुल्कहि एवढ्यांत भागत नाहीं. ह्या लोभानें कोणी मातृत्व पत्करील असें मानणारानें एक तर मूल वाढविलें नसावें, किंवा तें त्याच्या पत्नीनें वाढविलें असावें.

परंतु थट्टेमागें एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर देणें भाग आहे. एकोणीस वर्षांच्या दोघी मुली; दोघींच्या बापांची मिळकत सारखी. एकीला मूल आहे म्हणून मदत मिळते, दुसरीला नाहीं. हा न्याय कोणता? ह्यांत अन्याय आहे हें आम्हांस कबूल. मात्र तो पहिलीच्या मदतींत नसून दुसरीच्या नकारांत आहे. बाप खर्च देईल असें कायदा गृहीत धरतो. बाप साफ नाहीं म्हणाला तरी तें गृहीत ढळत नाहीं, आणि मुलीच्या हातीं फार तर पहिल्या दिवसापासून व्याज चढणारें कर्ज पडतें. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला भरभक्कम आणि मुलीजवळ पुस्तकालाहि पैसा नाहीं, अशा विद्यार्थिनी आम्हीं आमच्या वर्गांतहि पाहिल्या आहेत. दुसरीला न्याय द्यावयाचा तर तिच्या बापाचा नकार ऐकून घ्यावा. पहिलीच्या मुलाच्या तोंडचें दूध काढून तो साधत नाहीं. आजोबाच मायलेकरांस पोशीत असतील तर त्या मुलीला स्वतंत्र म्हणूं नये हें खरें. निम्म्या भाराची अट त्यासाठींच आहे, ती खुशाल कसून तपासावी.

पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या तेव्हां त्या विधवा होत्या व बरोबर चिमुकली मनोरमा होती. परक्यांच्या साह्यावर शिकणाऱ्या त्या मातेला ह्या मंडळींनीं काय विचारलें असतें?

खरी उणीव निराळीच आहे. गरीब विद्यार्थी-पालकांच्या मुलांकरितां कॉलेजांनीं संगोपनाची सोय करावी म्हणून १९९८ सालच्या कायद्यानें अनुदान ठेविलें; तें आजवर थोड्याच संस्थांपर्यंत पोंचलें आहे. पैसा मिळाला तरी मूल कोणाजवळ ठेवावें येथें अभ्यास अडतो. आम्हीं त्या गृहस्थांना हें सांगितलें. "त्यांच्या आज्या कशाला आहेत?" ते म्हणाले. आजीलाहि सकाळीं आठ वाजतां कामावर जावें लागत असेल, हें त्यांच्या ध्यानींमनीं नव्हतें.