बोटाचे ऐकणारी चकती



‘डीजे’ हा शब्द उच्चारला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मिरवणुकीत ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, थरथरणाऱ्या खिडक्यांच्या काचा आणि कानांवर हात ठेवून बसलेली आजी! आपल्याकडे हा शब्द त्या भिंतीलाच चिकटला आहे. वास्तविक डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या हाताळणारा माणूस. भिंतीने माणसाला असे काही झाकून टाकले आहे की त्याचे हात काय करतात याकडे कोणाचे लक्षच जात नाही. आज त्या हातांविषयी बोलायचे आहे.

निमित्त झाले एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचे. तेथे मी परीक्षक म्हणून गेलो होतो. दहावीतल्या एका मुलाने वाद्यवादनाच्या स्पर्धेत नाव दिले होते आणि वाद्य म्हणून दोन चकत्या असलेला एक कंट्रोलर आणला होता. “हे वाद्य नव्हे, गाणी लावायचे यंत्र आहे,” असे सांगून त्याचे नाव खोडण्यात आले. मी त्या वेळी गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र मनाला चुटपुट लागली. कारण वाद्य कशाला म्हणावे याचा विचार आम्ही परीक्षकांनी केलाच नव्हता.

आधी थोडा इतिहास पाहू. १९७२ साली ‘टेक्निक्स एसएल-१२००’ हा तबकडीवादक बाजारात आला. त्यात मोटर आणि फिरती चकती यांच्यामध्ये पट्टा नव्हता. मोटर थेट चकतीलाच फिरवी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील तरुणांनी अशा यंत्रांवर एक नवीच करामत सुरू केली. चकती आणि तबकडी यांच्यामध्ये कापडाची गुळगुळीत घडी ठेवायची, म्हणजे खाली चकती फिरत राहते आणि वर तबकडी हाताने थांबवता येते, मागे-पुढे घासता येते. या घासण्याला ‘स्क्रॅच’ म्हणतात. त्याचे श्रेय १९७५ च्या सुमारास ग्रँड विझार्ड थिओडोर या मुलाला दिले जाते. तो तेव्हा तुमच्यापेक्षाही लहान होता!

पुढे गाणे तबकडीवरून संगणकात गेले आणि एक अडचण उभी राहिली. संगणकातल्या गाण्यावर हात ठेवायचा कुठे? म्हणून कंट्रोलरवर तबकडीची प्रतिकृती आली. ही चकती स्वतः कोणताही आवाज काढत नाही. ती किती फिरली आणि तिच्यावर हात आहे की नाही, एवढेच आकड्यांत संगणकाला कळवते. यातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. चकतीच्या माथ्यावर बोटे ठेवली तर ‘तबकडी धरली’ असा अर्थ होतो आणि गाणे जागच्या जागी थांबते. तीच चकती नुसत्या कडेने ढकलली तर गाणे थांबत नाही, क्षणभर किंचित पुढे सरते किंवा मागे रेंगाळते. फिरणे तेच, पण स्पर्श कुठे झाला यावरून अर्थ बदलतो. तबला वाजवणाऱ्याला हे सांगायला नको. एकच बोट चाटेवर पडले तर एक बोल, शाईवर पडले तर दुसरा.

आता चकतीला बोट कळते कसे? काही यंत्रांत चकतीखाली दाब जाणणारी पट्टी असते. इतर पुष्कळ यंत्रांत मात्र दाब लागतच नाही. तेथे धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजतात. दोन वाहकांमध्ये विसंवाहक ठेवला की धारित्र तयार होते. चकतीच्या माथ्याखालचा धातूचा थर हा एक वाहक. दुसरा वाहक तुम्ही स्वतः, कारण आपले शरीर खारट पाण्याने भरलेले आहे. मधले प्लॅस्टिक हा विसंवाहक. समजा, थराची मूळ धारिता १० पिकोफॅरड आहे आणि तो १० लाख ओहम रोधातून भारित होतो. दोहोंचा गुणाकार येतो १० मायक्रोसेकंद. बोट टेकल्याने धारिता आणखी १० पिकोफॅरडने वाढली, तर भारित व्हायला दुप्पट वेळ लागेल. आतली चिप हा वेळ सेकंदाला शेकडो वेळा मोजत असते. वेळ वाढला, की ती ओळखते: हात आला! जाड रबरी हातमोजा घालून पाहा, चकती तुम्हाला ओळखणार नाही.

असो. खरा प्रश्न वाद्याचा. माझे मत असे की आवाज कुठून येतो यावरून वाद्य ठरवू नये. हाताची हालचाल ते किती बारकाईने आणि किती लवकर ऐकते, यावरून ठरवावे. आपल्या पेटीची गोष्ट आठवा. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. बंदी मला अन्यायाची वाटते, पण तिच्यामागचा एक आक्षेप खोटा नव्हता. पेटीच्या पट्ट्या म्हणजे पायऱ्या. दोन स्वरांमधली मींड त्यांतून निघत नाही.

हाच आक्षेप कंट्रोलरला लावून पाहू. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली ‘मिडी’ ही सांकेतिक भाषा आली. तीत बहुतेक हालचाली ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांत सांगतात. वेग ८ टक्क्यांनी कमी किंवा जास्त करणारी सरकपट्टी घेतली, तर १६ टक्क्यांचे १२८ भाग पडतात. एक पायरी ०.१२५ टक्क्याची. गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे असेल आणि हवा असलेला वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये पडला, तर मिनिटभरात दोन गाण्यांचे ठोके सुमारे ०.०४ सेकंदाने सरकतात. ‘टप’ च्या जागी ‘टटप’ ऐकू येऊ लागते. म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये दोन आकडे जोडून पाठवतात. पायऱ्या होतात १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४. एवढ्या बारीक पायऱ्यांचा जिना हाताला उतारासारखाच वाटतो. चकतीचेही तसेच. तबकडीला एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. फेऱ्यात १२८ खुणा असतील तर दोन खुणांत १४ मिलिसेकंदांचे गाणे निसटते. २,०४८ असतील तर एक मिलिसेकंदही नाही.

उशिराचेही गणित करून पाहा. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने वाजवतो. तो ५१२ नमुन्यांचा साठा करून मगच वाजवू लागला, तर ११.६ मिलिसेकंद उशीर होतो. ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे चार मीटर जातो. म्हणजे तबला तुमच्या पुढ्यात आणि बोल खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून! साठा १२८ नमुन्यांवर आणला की हे अंतर एक मीटरवर येते. कंट्रोलर घेऊ पाहणाऱ्यांनी दिव्यांची रोषणाई मोजण्यापेक्षा हे आकडे विचारावेत.

एका बाबतीत मात्र माझा विरोध आहे. २००८ च्या सुमारास स्टँटन कंपनीने चकती पार काढून टाकून केवळ सपाट स्पर्शपट्ट्यांचा नियंत्रक आणला. पुढे काचेच्या पडद्यांवरही अशाच चकत्यांची चित्रे आली. हिशेबाने त्यांत काही उणे नाही. पण सपाट पृष्ठावर बोटाला कड सापडत नाही, फिरणाऱ्या वस्तूचे वजन लागत नाही, मग डोळ्यांना सतत हाताची राखण करावी लागते. अंध वादकाने काय करावे? रशियाच्या लेव तेरमेनने १९२० मध्ये हाताच्या धारितेवर चालणारे, हात न लावता वाजवायचे ‘थेरेमिन’ बनवले. क्लारा रॉकमोर यांनी ते अप्रतिम वाजवले. पण त्या आधी व्हायोलिनवादक होत्या, हे विसरू नका. हवेत हाताला आधार कसला? स्वराची जागा सगळी कानानेच शोधावी लागते.

आणि ठेके आपोआप जुळवणारे ते बटण! गणकयंत्रासारखे ते पाढे पाठ झाल्यावर हाती द्यावे, एवढेच म्हणतो.

त्या शाळेला मी पत्र लिहिले आहे. पुढल्या वेळी अशा मुलाचे नाव वाद्यवादनातच घ्यावे, जुळवणीच्या बटणावर कागद चिकटवावा, परीक्षकांनी दिलेली दोन गाणी त्याला कानाने जुळवायला सांगावीत आणि ध्वनिक्षेपक वर्गातला लहानच ठेवावा, असे सुचवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.