गदा मिळाली, आखाडा केव्हा?

पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली स्पर्धा व्हावयास २०२३ चा मार्च उजाडला. सांगलीत प्रतीक्षा बागडी हिने वैष्णवी पाटील हिला नमवून तो किताब पटकावला. तत्पूर्वीच, २००४ साली अथेन्स येथे महिला कुस्तीस ऑलिंपिकचे दार उघडले होते आणि २०१६ साली रिओत रोहतकच्या साक्षी मलिकने कांस्यपदकही मिळविले होते. १९५२ च्या खाशाबा जाधवांच्या पदकाचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यास हा विलंब शोभणारा नाही. सांगलीची कन्या निदान तालमींच्या मुलखात वाढते. राजापूर तालुक्यातील नाटे गावच्या मुलीस त्या मुलखात जावयाचे म्हणजे घर सोडून घाट चढणे आले. किताब एकीलाच मिळतो. मॅट आणि प्रशिक्षक तालुक्यापर्यंत पोहोचले, तरच अनेकींची कारकीर्द घडेल.